खुर्चीच्या जागी चेंडू: पाठीला नेमकं काय होतं?

जिमच्या कोपऱ्यात पडून असणारा मोठा फुगीर चेंडू आता कामाच्या टेबलापुढे येऊन बसला आहे. जुळे सोलापुरात घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करणारा इंजिनिअर असो, मार्चअखेरीला रात्री बारापर्यंत रिटर्न भरणारा कर सल्लागार असो, नाहीतर अभ्यासिकेत दहा-दहा तास काढणारी स्पर्धा परीक्षेची मुलगी असो, पाठ धरली की कोणीतरी सल्ला देतंच: खुर्ची काढ, जिम बॉल घे. पाठ ताठ राहील, पोटाचे स्नायू बळकट होतील आणि बसल्या जागी वजनही उतरेल. ओळखीच्या एका हिशेबनिसाने यावर अस्सल सोलापुरी शंका काढली, "चेंडूवर बसून जीएसटी भरायला आपण काय सर्कशीत आहोत काय बे?" शंका थट्टेची असली तरी तिला नीट उत्तर द्यायला हवं. त्यासाठी आधी बसण्यात काय घडतं ते पाहू.

उभं राहून कमरेच्या मागे पँटच्या पट्ट्याच्या जरा वर हात ठेवा. तिथे थोडी खोलगट जागा लागेल. कमरेच्या पाच मणक्यांना पुढच्या अंगाला जो नैसर्गिक बाक असतो, ती ही जागा. आता तसाच हात ठेवून स्टुलावर बसा आणि अंग सैल सोडा. खोलगटपणा जातो, कधीकधी मणक्यांची टोकंच हाताला लागतात. असं का होतं? बसताना मांडी आणि धड यांच्यात जो काटकोन होतो, तो सगळा खुब्याच्या सांध्यात होत नाही. सांधा काही अंशांपर्यंत वाकतो, मग मांडीच्या मागचे स्नायू ताणले जातात आणि कमरेचा हाडांचा घेर मागे ओढतात. हा घेर म्हणजे पाण्याने काठोकाठ भरलेलं पातेलं समजा. उभे असताना ते किंचित पुढे कललेलं असतं. बसलात की मागे कलतं आणि पाणी पाठीच्या बाजूने सांडतं. पातेल्यावर उभा असलेला कणाही त्याच्या मागोमाग जातो, कमरेचा बाक सपाट होतो, खांदे गोल होतात, आणि नजर स्क्रीनवर ठेवायची म्हणून मान पुढे निघते. पोक काढून बसणं ते हेच. यात आळसाचा भाग असतो, पण शरीराच्या रचनेचा त्याहून मोठा. मांडीचा कोन बदलला की कमरेचा बाक बदलतो, हे अमेरिकन डॉक्टर कीगन यांनी १९५३ साली एक्स-रे काढून दाखवलं होतं.

चेंडूवाल्यांचा पहिला युक्तिवाद इथून येतो आणि तो अगदीच पोकळ नाही. योग्य मापाचा चेंडू नेहमीच्या खुर्चीपेक्षा जरा उंच असतो. गुडघे खुब्यापेक्षा खाली राहतात, मांड्या पुढे उतरत्या होतात, मांडीमागच्या स्नायूंचा ताण कमी होतो आणि घेर पुन्हा थोडा पुढे येऊ शकतो. पण हे काम उंच स्टूलही करतं, आणि बुडाखाली पाचरीसारखी उशी घातली तर साधी खुर्चीसुद्धा करते. डेन्मार्कचे शल्यचिकित्सक मँडल यांनी पुढे उतरत्या बैठकीचा आग्रह १९७०च्या दशकापासून धरला, तो चेंडूशिवायच. फायदा उंचीचा आणि उताराचा आहे. गोलपणाचा काय फायदा, हा प्रश्न वेगळा.

तसा चेंडूचा मूळ धंदा बसण्याचा नव्हताच. इटलीतले प्लास्टिक उत्पादक अक्विलिनो कोसानी यांनी १९६३ साली तो बनवला. स्वित्झर्लंडमध्ये काम करणाऱ्या ब्रिटिश फिजिओथेरपिस्ट मेरी क्विंटन यांनी तो तान्ह्या बाळांच्या उपचारात आणला, आणि बाझेलच्या सुझान क्लाइन-फोगेलबाख यांनी मोठ्या माणसांच्या हाडा-सांध्यांच्या तक्रारींसाठी त्यावरचे व्यायाम बसवले. तिथे आलेल्या अमेरिकन फिजिओथेरपिस्टांनी तो 'स्विस बॉल' म्हणून मायदेशी नेला. या सगळ्यांच्या हातात तो उपचाराचं साधन होता. थोडा वेळ, ठरलेल्या हालचाली, शेजारी जाणकार माणूस. तिथून तो ऑफिसात गेला तेव्हा यातल्या तिन्ही गोष्टी गळून पडल्या.

गोलपणाबद्दलचा दावा असा: चेंडू डुगडुगतो, तोल सांभाळायला पोट आणि पाठ सतत काम करतात, त्यातून स्नायू बळकट होतात. ऐकायला पटतं. हे मोजताही येतं, कारण त्वचेवर इलेक्ट्रोड चिकटवून स्नायू किती काम करतो ते नोंदवता येतं. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात स्टुअर्ट मॅकगिल आणि सहकाऱ्यांनी आठ जणांना अर्धा अर्धा तास चेंडूवर आणि स्थिर बैठकीवर बसवून हे केलं. २००६ साली निकाल छापून आला: स्नायूंच्या कामात दखल घेण्याजोगा फरक नाही. उलट चेंडूचा मऊ पृष्ठभाग मांड्या-नितंबांना जास्त जागी टेकतो, आणि तिथलं मांस दबून अवघडल्यासारखं होतं. त्याच वर्षी त्याच विद्यापीठातल्या दुसऱ्या प्रयोगात चौदा जणांनी तासभर चेंडूवर आणि तासभर ऑफिसच्या खुर्चीवर काम केलं. शरीराच्या नोंदींत फरक पडले ते किरकोळ, पण चेंडूवर त्रास जास्त झाल्याचं बसणाऱ्यांनीच सांगितलं.

मग ते डुगडुगणं जातं कुठे? शरीर मोठं काटकसरी असतं. पहिली पाच मिनिटं चेंडू नवीन वाटतो, आपण सावरत राहतो. नंतर पाय थोडे फाकतात, टाचा जमिनीत रोवल्या जातात, चेंडू आपल्या वजनाने दबून खाली पसरट होतो आणि कमीत कमी मेहनतीची एक स्थिती सापडते. एकदा ती सापडली की चेंडूवरही झकास पोक काढता येतो. समोर लॅपटॉप खाली असेल तर मान तिकडे जाणारच, बुडाखाली काय आहे याची तिला पर्वा नसते.

चेंडूच्या बाजूने एक पुरावा मात्र प्रामाणिकपणे मांडायला हवा. आम्स्टरडॅममधल्या व्रिये विद्यापीठाच्या किंगमा आणि फान डीन यांनी दहा महिलांना तासभर टायपिंग करायला लावलं, एकदा खुर्चीवर, एकदा चेंडूवर. २००९ साली छापलेल्या या अभ्यासात चेंडूवर धडाची हालचाल ३३ टक्के जास्त भरली. एकाच जागी गोठून बसण्यापेक्षा हालचाल बरी, यात वाद नाही. पण त्यांनी आणखी एक गोष्ट मोजली: कणा किती 'आखडला'.

मणक्यांच्या मधल्या गाद्या, म्हणजे 'गादी सरकली' म्हणतो त्या, पाणी धरून असतात. दिवसभर वजन पडलं की त्यातलं पाणी हळूहळू बाहेर जातं, रात्री आडवं झालं की परत येतं. म्हणून सकाळच्या मानाने संध्याकाळी आपली उंची साधारण एक टक्क्याने कमी असते. मोठ्या वयात गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळपास नसतो, तेव्हा दाब कमी-जास्त होत राहणं हीच तिची पोटापाण्याची सोय. अति दाब सतत राहिला तर मात्र ती पिळली जाते. आम्स्टरडॅमच्या प्रयोगात तासाभरात कणा जास्त आखडला तो चेंडूवर. हालचालीचा फायदा या तोट्याला पुरून उरेल असं वाटत नाही, असा संशोधकांचा निष्कर्ष होता.

माझ्या मते याचं मुख्य कारण अगदी साधं आहे आणि जाहिरातीत ते कधीच नसतं: चेंडूला पाठ नसते. खुर्चीतला सगळ्यात कामाचा भाग म्हणजे पाठ टेकायची जागा. ती टेकली की धडाच्या वजनाचा काही वाटा ती उचलते. १९६०च्या दशकात स्वीडनचे डॉक्टर नाकेमसन यांनी लोकांच्या कमरेच्या गादीत सुई घालून दाब मोजला आणि उभं राहण्यापेक्षा बसताना दाब जास्त असतो असं सांगितलं. खुर्च्यांच्या जाहिराती अजून त्यावर जगतात. १९९९ साली जर्मनीच्या उल्म इथल्या विल्के आणि सहकाऱ्यांनी तो प्रयोग नव्या साधनांनी केला. एकच स्वयंसेवक, त्याच्या गादीत दाबमापक, आणि तो माणूस बसतो, उठतो, झोपतो, वजन उचलतो. एकाच माणसाचे आकडे आपल्या पाठीला जसेच्या तसे लावू नयेत, पण त्यांचा क्रम बघण्यासारखा आहे. सैल उभं राहिल्यावर दाब ०.५ मेगापास्कल. टेकू न घेता सैल बसल्यावर ०.४६. मुद्दाम पाठ ताणून ताठ बसल्यावर ०.५५. पुढे पूर्ण वाकून बसल्यावर ०.८३. आणि खुर्चीत मागे रेलून ऐसपैस बसल्यावर? फक्त ०.३.

म्हणजे शाळेत ज्या बसण्याबद्दल गुरुजी ओरडायचे, ते मागे रेलणं गादीला सगळ्यात हलकं गेलं, आणि 'ताठ बस' या हुकुमाने दाब उलट थोडा वाढला. ताठ बसणं वाईट असा याचा अर्थ नाही. ते फुकट मिळत नाही, त्यासाठी स्नायू कणा आवळून धरतात, आणि चेंडूवर बसलेल्या माणसाला रेलून विश्रांती घ्यायचा पर्यायच नसतो. त्याला दोनच वाटा: ताठ राहून दमा किंवा पोक काढा. तासाभरानंतर बहुतेक जण दुसरी धरतात.

वजन उतरण्याचा दावा लवकर निकालात निघतो. अमेरिकेतल्या एका मोजणीत चेंडूवर बसून कारकुनी काम करताना खुर्चीपेक्षा ताशी सुमारे ४ कॅलरी जास्त खर्च झाल्या. आठ तासांच्या ३२. आपल्या शेंगा चटणीचा एक छोटा चमचा साधारण तेवढ्याचाच. भाकरीबरोबर कोणी एका चमच्यावर थांबत नाही, हे वेगळं सांगायला नको.

पाठीची चर्चा निघाली की आपल्याला लगेच संगणकावरची माणसं दिसतात. पण सोलापुरात बसून काम करणारे लोक त्यांच्या कितीतरी आधीपासून आहेत. पूर्व भागातल्या घराघरांत मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बाया पाहा. पाठीला टेकू नाही, मान खाली, बोटं अखंड चालू, आणि हजार विड्यांचा हिशेब पुरा होईपर्यंत उठायची सोय नाही. युनिफॉर्मच्या कारखान्यांत शिवणयंत्रापुढे बिनपाठीच्या स्टुलावर बसणारे कारागीर पाहा. जुन्या खड्ड्याच्या हातमागावर विणकर खड्ड्याच्या काठावर बसायचा, पाय खाली पावड्यांवर, हात धोट्यावर. त्याचे हातपाय तर दिवसभर हलत असत, तरी पाठदुखी चुकली नाही, कारण धड तिथल्या तिथेच. या सगळ्यांच्या बैठका एकमेकींहून वेगळ्या आहेत, पण 'तीच स्थिती, तासन् तास' ही गोष्ट सगळीकडे आहे. आणि हेही खरं की ऑफिसातल्या माणसाला दर अर्ध्या तासाने उठायचा सल्ला देणं सोपं असतं. नगावर मजुरी मिळणाऱ्या बाईला तोच सल्ला द्यायचा तर आधी मजुरीबद्दल बोलावं लागेल.

जमिनीवर बसणाऱ्यांसाठी एक गोष्ट मात्र लगेच करण्याजोगी आहे. मांडी घालून बसलं की खुबे पूर्ण वाकतात, घेर मागे कलतो, पोक येतो. सोलापुरी चादरीची जाड घडी करून ती फक्त बुडाखाली घ्यावी, मांड्यांखाली नको. बूड चार बोटं उचललं गेलं की गुडघे खाली येतात आणि कमरेचा बाक बराचसा परत मिळतो. चेंडू जे उंची देऊन करतो तेच हे, फक्त पडायची भीती नाही.

खुर्चीवाल्यांसाठी उपाय घरातच आहे. आपला टेरी टॉवेल गुंडाळून त्याची मनगटाहून जाड वळकटी करा आणि ती पट्ट्याच्या जरा वर, त्या खोलगट जागेत, पाठ आणि खुर्चीच्या मध्ये ठेवा. बूड अगदी मागे सरकवून बसा आणि वळकटीवर भार टाकून रेला. खुर्चीची पाठ किंचित मागे कललेली असेल तर उत्तम. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांनी अशाच वळकटीचा प्रसार केला, आणि दुकानात ती बऱ्याच महाग मिळते. पाय अधांतरी लोंबत असतील तर खाली पाट ठेवा. लॅपटॉप दोन-तीन जाड पुस्तकांवर चढवून वेगळा कीबोर्ड लावा, म्हणजे मान आपोआप वर येते. यातलं एकच करायचं असेल तर मी लॅपटॉप चढवा म्हणेन. फोन आला की उभं राहून बोलायचं, आणि पाण्याचा तांब्या टेबलावर न ठेवता स्वयंपाकघरात ठेवायचा, म्हणजे तहान लागली की उठावंच लागतं.

इतकं सांगूनही घरात चेंडू आणलेलाच असेल, तर तो टाकून द्यायची गरज नाही. दिवसातून दोन-तीनदा, प्रत्येक वेळी पंधरा-वीस मिनिटं त्यावर बसा. बसल्या बसल्या घेर पुढे-मागे झुलवा, गोल फिरवा. कमरेची आखडलेली हालचाल मोकळी करायला चेंडूइतकं सोपं साधन कमी. बाकीचा वेळ पाठ टेकून खुर्चीत.

माप बघून घ्या. चेंडू ४५, ५५, ६५, ७५ सेंटिमीटर व्यासाचे मिळतात. साधारण पाच फुटांपासून साडेपाच फुटांपर्यंत ५५चा, त्यापुढे सहा फुटांपर्यंत ६५चा, त्याहून उंच माणसाला ७५चा, पाच फुटांच्या आत ४५चा. हे माप पूर्ण फुगवलेल्या, पण कोणी न बसलेल्या चेंडूचं असतं, बसलं की तो वजनाप्रमाणे काही सेंटिमीटर दबतो. बसल्यावर तळपाय पूर्ण टेकलेले, गुडघे खुब्यापेक्षा जरासे खाली आणि कोपर टेबलाच्या पातळीला असावेत. नेहमीचं टेबल सुमारे ७५ सेंटिमीटर उंच असतं. त्याच्याशी चेंडू जुळत नसेल तर चेंडूला खुर्चीसारखा दांडा नसतो, हवा कमी-जास्त करणं एवढंच हातात राहतं. पहिल्याच दिवशी टम्म फुगवू नका. थोडा सैल ठेवून एक दिवस जाऊ द्या, मग उरलेली हवा भरा. 'अँटी-बर्स्ट' लिहिलेलाच घ्या. असा चेंडू टोचला गेला तरी फट्कन फुटत नाही, हळूहळू बसतो.

आपल्या हवेचाही विचार हवा. मे महिन्यात पारा ४३च्या वर गेला की प्लास्टिकचा चेंडू अंगाला चिकटतो आणि आतली हवा गरम होऊन तो जास्त ताणतो. थंडीत टम्म भरलेला चेंडू उन्हाळ्यात जरा सैल करावा, आणि गच्चीवर किंवा खिडकीच्या उन्हात तर ठेवूच नये. घाम टिपायला वरून टॉवेल टाकण्याचा मोह होईल, पण टॉवेल सरकतो आणि त्याच्याबरोबर आपणही. घट्ट बसणारं कापडी आवरण शिवून घ्या, शिवणाऱ्यांची सोलापुरात वाण नाही. शहाबादी फरशी नुकतीच पुसली असेल तर तिच्यावर चेंडू नको, खाली सतरंजी किंवा रबरी चटई हवी. चाकाच्या खुर्चीला ढकलून उठायची सवय असलेल्यांनी विशेष जपावं, कारण चेंडू मागे निसटतो आणि पडताना माणूस हात टेकवतो. मनगटं मोडतात ती अशीच.

साठीपुढच्या माणसांनी, हाडं ठिसूळ झालेल्यांनी, चक्कर येणाऱ्यांनी, आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय चेंडूवर बसू नये. साधी उसण भरली तर बहुतेकदा ती थोड्या दिवसांत, चालत-फिरत राहिलं की उतरते. पण दुखणं पायात उतरून पाऊल उचलता येत नसेल, जांघेजवळचा भाग बधिर वाटत असेल किंवा लघवी-संडासवरचा ताबा जात असेल, तर चेंडू, टॉवेल, तेल-मालिश यांत एक तासही न घालवता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.